शिवाजीरावांचा राजीनामा

देवासात ‘सरोवर’ कुठे आहे असं विचारलंत, तर दहातले नऊ जण तुम्हाला मीठा तालाबाकडे पाठवतील. दहावा सांगेल, की ए. बी. रोडवरून आत या, फोटो स्टुडिओ आणि आटाचक्की यांच्यामध्ये एक बोळ आहे, त्यातून शेवटपर्यंत जा आणि हिरवा दरवाजा ढकला. पाटी शोधू नका. पाटी आहे, लायसन्सही आहे, पण पाटीवर चार वर्षांपासून एका कोचिंग क्लासचा फ्लेक्स लागला आहे. फ्लेक्सवरची मुलं इतकी हुशार दिसतात की त्यांना खाली उतरवायचं धाडस कुणाला होत नाही.

दरवाज्याच्या आत नऊ टेबलांचा बार आहे. मी इथल्याच एका गिअर बनवणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पहिला पगार झाला त्या संध्याकाळी सोबतचे लोक मला तिथे घेऊन गेले. आत शिरताच पांढऱ्या शर्टातल्या एका उंच, सडपातळ माणसाने माझ्यासमोर हात पुढे केला. मी तो हातात घेऊन हलवला.

“चाबी,” तो म्हणाला.

हे शिवाजीराव मोहिते. एकोणतीस वर्षं त्या बारमध्ये वेटर, आणि वेटरपेक्षा बरंच काही. त्यांची पद्धत अशी: आत आलात की गाडीची चाबी त्यांच्याकडे द्यायची. ती कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात खिळ्यावर लटकते आणि कपाटाला कुलूप लागतं. जाताना शिवाजीराव कपाटाची किल्ली तुमच्या हातात देतात. तुम्ही स्वतः कुलूप उघडायचं. किल्ली पहिल्या झटक्यात भोकात गेली, तर चाबी तुमची. इकडेतिकडे खरडली, तर शिवाजीराव किल्ली परत घेतात, बाहेरून रिक्षा बोलावतात, आणि गाडी सकाळी न्यायची. यावर चर्चा नाही. आम्ही कारखान्यात मशीन उघडण्याआधी मेन स्विचला आपलं कुलूप घालतो. त्यामुळे मला ही पद्धत लगेच समजली आणि त्याच रात्री मी रिक्षाने घरी गेलो.

शिवाजीरावांचे आजोबा थोरल्या पातीच्या, म्हणजे देवासच्या थोरल्या गादीच्या, दरबारी कचेरीत होते. संस्थान गेलं, कचेरी गेली, पण अक्षर राहिलं. वडील, म्हणजे बाबूजी, कोर्टाबाहेर पिंपळाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायचे. शिवाजीराव हिंदी शाळेत अकरावीपर्यंत गेले आणि तिथेच थांबले. दोन-तीन दुकानं केली, एक टेम्पो चालवला, आणि सत्ताविसाव्या वर्षी बळवंतरावांच्या या बारमध्ये लागले. घरी मात्र बार हा शब्द कधी उच्चारला गेला नाही. “ऑफिसला जातो,” असं म्हणून ते संध्याकाळी पाचला निघतात. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई, त्यांनाही ऑफिस म्हणजे काय ते पूर्ण माहीत. पण बायकांनी तिकडे जायचं नाही, म्हणून एकोणतीस वर्षांत त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं.

शिवाजीराव ऑर्डर लिहून घेत नाहीत. कोण काय घेतो, कुणाच्या सोड्यात बर्फ नको, कुणाच्या काकडीवर जिरावणाचा मसाला जास्त, सगळं डोक्यात. बळवंतरावांना त्याचं कौतुक होतं. पण मागच्या वर्षी बळवंतरावांचे गुडघे गेले आणि ते धारला, आपल्या जुन्या घरी राहायला गेले. बार जावयाच्या हाती आला.

जावई म्हणजे धवल. नाशिकचा, हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला, तिशीतला. माणूस वाईट नाही. घाईतला आहे इतकंच. त्याने आल्या आल्या भिंती रंगवल्या, पंखे बदलले, आणि शिवाजीरावांच्या हातात ऑर्डर घ्यायला टॅबलेट दिला. शिवाजीरावांनी तो दोन दिवस ट्रे म्हणून वापरला.

इथवर गमतीत चाललं होतं. मग एका रविवारी एक ठेकेदार आला. जाताना त्याची किल्ली कुलपाच्या चारही बाजूंनी फिरली, पण भोकात गेली नाही. शिवाजीरावांनी हात पुढे केला. ठेकेदाराने आवाज चढवला. धवल काउंटरवरून उठला, किल्ली घेतली, कपाट उघडलं, चाबी काढून ठेकेदाराला दिली आणि म्हणाला, “सॉरी सर, पुन्हा या.” मग सगळ्यांसमोर शिवाजीरावांना म्हणाला, “ग्राहक आपला आहे काका, कैदी नाही.”

ठेकेदार सुखरूप घरी पोचला. तेच वाईट झालं, कारण त्यामुळे धवलचंच बरोबर ठरल्यासारखं झालं. शिवाजीरावांनी त्याच्याशी बोलणं बंद केलं. कामावर यायचे, सगळं करायचे, पण धवलने काही विचारलं तर मान हलवायचे. दहा दिवस हा अबोला चालला, धारपर्यंत त्याची खबर गेली. अकराव्या दिवशी, बुधवारी, संध्याकाळी बार उघडण्याआधी त्यांनी काउंटरवर एक कागद ठेवला. सुवाच्य, बाबूजींच्या वळणाचं अक्षर होतं.

“राजीनामा. श्री. धवलराव यांसी सा. न. वि. वि. त्या रविवारी जे झाले ते झाले. चूक कोणाची, हा प्रश्न माझ्याकडून संपला आहे. मनात कोणताही आकस नाही. कपाटाची किल्ली सोबत जोडली आहे. तरी आपण मंजूर करावे ही विनंती. आपला, शिवाजी दौलतराव मोहिते.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. महाराष्ट्रात राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. आमच्या माळव्यात, हिंदीत, नोकरी सोडणं म्हणजे इस्तीफा. राजीनामा म्हणजे दोन पक्षांनी भांडण मिटवून राजी होणं. कोर्टात, ठाण्यात, पंचायतीत तो होत असतो. बाबूजींनी पिंपळाखाली असे शेकडो राजीनामे लिहिले होते, आणि शिवाजीरावांनी लहानपणापासून ते शाई वाळायला मांडलेले पाहिले होते. भांडण मिटवायचं तर कागद करायचा, आणि कागदावर वर काय लिहायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

धवलला नाशिकचं ठाऊक होतं. तो कागद धरून बसला. मग त्याने धारला फोन लावला.

“बाबा, शिवाजीरावांनी राजीनामा दिलाय.”

“अरे वा,” बळवंतराव म्हणाले. “उत्तम झालं.”

“उत्तम?”

“मग काय. मला काळजीच लागली होती. तू लगेच मंजूर कर. सही ठोक. उशीर करू नको, हट्टी माणूस आहे तो, मन बदललं तर पंचाईत.”

धवलने फोन ठेवला. सासरा इतका कोरडा असेल असं त्याला वाटलं नव्हतं. पण बार सासऱ्याचा. त्याने कागदावर ‘मंजूर’ लिहिलं, सही केली आणि शिवाजीरावांना दाखवलं. शिवाजीरावांनी ते वाचलं, दोन्ही हात जोडले आणि अकरा दिवसांनी पहिल्यांदा बोलले, “आपण मोठेपणा दाखवलात, धवलराव.”

“शनिवारपर्यंत थांबाल ना काका?” धवलने विचारलं.

“शनिवारपर्यंत काय, म्हणाल तितका वेळ थांबेन.”

“शनिवारी तुमच्यासाठी छोटासा कार्यक्रम करतोय. काकूंना घेऊन या. आणि रविवारपासून आराम करा.”

“उपकार झाले,” शिवाजीराव म्हणाले. त्यांना वाटलं, रविवारची सुट्टी मिळाली.

घरी जाऊन त्यांनी सावित्रीबाईंना सांगितलं की राजीनामा मंजूर झाला, आणि त्या रात्री घरात श्रीखंड झालं. इकडे धवलने इंदूरच्या एका वेटरला सोमवारपासून यायला सांगितलं. आम्हा नेहमीच्या लोकांच्या ग्रुपवर मेसेज आला: “शिवाजीरावजी की विदाई, शनिवार, साढ़े सात बजे.” शिवाजीराव त्या ग्रुपवर नव्हते. आम्हाला धक्का बसला, पण ज्याने स्वतः सोडायचं ठरवलं त्याला काय विचारणार? गुरुवारी मी गेलो, तर ते शीळ घालत ग्लास पुसत होते. सुटल्याचा आनंद, असं मी समजलो आणि मनातून थोडा दुखावलो.

शनिवारी सगळे वेळेवर आले. जगदेवराव तर सातलाच आले होते. जगदेवराव इथल्या नोटा छापायच्या प्रेसमधून रिटायर झालेले, सत्तरीचे, चार नंबरच्या टेबलाचे. बारमधला त्यांच्याइतका जुना ग्राहक दुसरा नाही. काउंटरवर शाल, नारळ आणि मोगऱ्याचा हार ठेवला होता. साडेसातला शिवाजीराव नव्या क्रीम रंगाच्या सफारीत आले, मागे डोक्यावर पदर घेतलेल्या सावित्रीबाई. त्या दरवाज्यात थबकल्या, चप्पल काढावी की नाही असा विचार करत. मग काढली.

सवयीने शिवाजीराव ट्रे उचलायला गेले. धवलने त्यांच्या हातून तो काढून घेतला. “आज तुम्ही बसायचं.”

“मी? इथे?”

“बसा भिया,” जगदेवराव म्हणाले, “खुर्ची चावत नाही. आम्ही तीस वर्षं बसतोय.”

ते खुर्चीच्या टोकावर बसले. धवलने शाल घातली, नारळ दिला, आणि घसा साफ केला. “काका, तुमच्याशिवाय हे कसं चालणार मला माहीत नाही.”

“चालेल,” शिवाजीराव समजूत घालत म्हणाले. “आता काही अडचण नाही. उलट जास्त चांगलं चालेल.”

जगदेवरावांनी माझ्याकडे पाहिलं. इतकं कडू बोलायची काय गरज होती, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

“आमच्याकडून काही कमीजास्त झालं असेल तर...” धवल म्हणाला.

“झालं ते झालं. मी तर लिहूनच दिलंय. आणि सोमवारी मी जरा लवकर येतो. मोठा फ्रिज साफ करायचा आहे.”

“अहो, आता तुम्ही कशाला त्रास घेता?”

“त्रास कसला? आधी पण मीच करत होतो.”

धवलचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, हा माणूस जाता जाताही फ्रिज साफ करून जाणार. तो आत वळला आणि कचोऱ्यांची प्लेट घेऊन आला, पण ती चुकीच्या टेबलावर ठेवली. ऑर्डरीही उलटसुलट होत होत्या. माझ्यासमोर कुणाची तरी रम आली, आणि जगदेवरावांच्या सोड्यात बर्फ. शिवाजीराव बसल्या जागेवरून ते पाहून अस्वस्थ होत होते, पण मालकाने बसायला सांगितलं होतं.

मग सावित्रीबाईंनी धवलला हाक मारली. “जावईबापू, तुम्ही राजीनामा मंजूर केलात, फार बरं झालं हो. दहा दिवस धड जेवत नव्हते. आता बघा चेहरा.”

“मला करायचा नव्हता काकू,” धवल हळू आवाजात म्हणाला. “बाबांनीच सांगितलं.”

“मोठ्या मनाचे आहेत बळवंतराव.”

धवल टेबलावरची रिकामी प्लेट उचलू लागला. उचलता उचलता म्हणाला, “मग आता दिवसभर घरी काय करणार काका?”

“घरी? घरी कशाला बसतील? मला नको बाई ते घरी. सोमवारी यायचंय ना त्यांना ऑफिसला.”

जगदेवरावांनी ग्लास खाली ठेवला. “एक मिनिट,” ते म्हणाले. “धवलबाबू, तुमच्या नाशकात राजीनामा म्हणजे काय असतं?”

“नोकरी सोडणं. दुसरं काय?”

“आणि मोहिते, तुमच्याकडे?”

“माझ्याकडे काय वेगळं? भांडण मिटवणं. बाबूजी काय लिहायचे पिंपळाखाली?”

“मग नोकरी सोडणं?”

“ते इस्तीफा.”

जगदेवरावांचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं ठसका लागला. मग त्यांनी टेबलावर डोकं टेकलं आणि हसण्याचा आवाज आला. शेजारच्या टेबलाला कळलं, मग त्याच्या शेजारच्या, आणि दोन मिनिटांत सगळा बार हसत होता. मी इतका हसलो की माझी रम, म्हणजे ज्याची कुणाची होती त्याची, सांडली.

फक्त दोघे हसत नव्हते. धवल हातात रिकामी प्लेट घेऊन उभा होता. आणि शिवाजीरावांनी खांद्यावरची शाल काढून तिची घडी घालायला सुरुवात केली होती. हसणं आपोआप थांबलं.

“म्हणजे बुधवारी आपण ‘मंजूर’ लिहिलंत,” ते घडीकडे पाहत म्हणाले, “ते माझ्या जाण्याला.”

“हो.”

“दहा मिनिटांत.”

सावित्रीबाईंनी पदर सारखा केला. धवलने प्लेट ठेवून खिशातून फोन काढला, धारचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

“काय रे, झाली का पार्टी?” बळवंतरावांचा आवाज आला.

“बाबा, शिवाजीरावांनी राजीनामा दिला म्हणालो तेव्हा तुम्ही काय समजलात?”

“काय समजणार? मिटलं म्हणून समजलो.”

“आमच्याकडे राजीनामा म्हणजे इस्तीफा असतो बाबा.”

मग बळवंतराव म्हणाले, “शिवाजीचा इस्तीफा? तू मंजूर केलास? जावईबापू, ज्या दिवशी तो इस्तीफा देईल त्या दिवशी मी बारला कुलूप लावीन आणि इथे धारला शेळ्या पाळीन. दे त्याला फोन.”

“नको,” शिवाजीराव म्हणाले. “मालकांचं कळलं. आता आपण बोला, धवलराव.”

धवल समोरची खुर्ची ओढून बसला. “गुरुवारी मी तो टॅबलेट उघडला,” तो म्हणाला. “म्हटलं, तुम्ही जाण्याआधी सगळं भरून ठेवू. कोण कुठे बसतो, काय घेतो, कुणाला कधी थांबवायचं. दोन तास बसलो. नऊ टेबलांपैकी एक पण पूर्ण भरता आलं नाही. तुम्हाला विचारायला येणार होतो, तर तुम्ही शीळ घालत होतात. मला वाटलं, इतका खूश माणूस, याला कशाला अडवायचं?” मग म्हणाला, “आणि ठेकेदाराला चाबी मी द्यायला नको होती. ते मला त्याच रात्री कळलं होतं. तो घरी पोचेपर्यंत झोपलो नाही. तुम्हाला सांगितलं नाही एवढंच.”

“फोन करून विचारलंत त्याला?”

“तीनदा. शेवटी तो चिडला.”

शिवाजीरावांच्या ओठांवर पहिल्यांदा थोडं काहीतरी हललं. “मी पण दहा दिवस तोंड फिरवून बसलो,” ते म्हणाले. “बोललो असतो तर कागद लागला नसता.”

“कागद फाडू का?”

“फाडता कशाला? राजीनामा झालाय. दोन्ही बाजूंनी सही आहे. फक्त वाचणारे दोन होते.” त्यांनी शाल सावित्रीबाईंकडे दिली. “किल्ली तेवढी परत द्या.”

धवलने गल्ल्यातून किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. जगदेवरावांनी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच.

“आणि तो इंदूरवाला?” मी विचारलं. “सोमवारी येणार आहे ना?”

धवलने कपाळाला हात लावला. “त्याला नाही म्हणून सांगतो.”

“शब्द दिलाय?” शिवाजीरावांनी विचारलं.

“दिलाय.”

“मग येऊ द्या. तो टॅबलेट त्याच्याकडे द्या. मी बोलेन, तो भरेल. मला पण बघायचंय, नऊ टेबलं त्या डब्यात मावतात का.”

मग ते उठले आणि थेट जगदेवरावांच्या टेबलावर जाऊन त्यांच्या सोड्यातला बर्फ चमच्याने काढू लागले. “काय हाल केलेत माणसाचे,” ते पुटपुटले. पाच मिनिटांत प्रत्येकाचं प्रत्येकासमोर होतं. मोगऱ्याचा हार तसाच राहिला होता. तो सावित्रीबाईंनी उचलला, त्यातला एक तुकडा तोडून केसात माळला आणि म्हणाल्या, “आता आलेच आहे तर दाखवा की ऑफिस.”

शिवाजीराव थोडे लाजले. पण दाखवायला लागले. मी जवळच होतो, म्हणून ऐकू येत होतं. “हे एक नंबर, इथे दोन भाऊ बसतात, एकमेकांशी बोलत नाहीत पण रोज सोबत येतात. हे सहा, इथे एक मास्तर येत, मागच्या साली वारले, त्यांची जागा अजून कुणी घेत नाही. हे काउंटर. हा मोठा फ्रिज, याचं दार असं जरा उचलून लावायचं.” सावित्रीबाई प्रत्येक ठिकाणी थांबून नीट पाहत होत्या, खुर्चीच्या पाठीला हात लावत होत्या. फेरी संपायला तीन-चार मिनिटंही लागली नाहीत. त्या मागच्या भिंतीशी पोचल्या आणि तिथे अजून एखादा दरवाजा असेल म्हणून शोधू लागल्या.

“बस, एवढंच?” त्यांनी विचारलं. “मला वाटायचं खूप मोठं असेल. पाचला जाता ते रात्री येता.”

“एवढंच,” शिवाजीराव म्हणाले. “बस, मी तुला कचोरी आणतो. इथली चांगली असते.”